कोजागिरी ते शिवरात्र: बंगल्यातला पूल थंडीत सांभाळताना

थंड देशांतल्या माहितीपुस्तिकांमध्ये हिवाळ्यासाठी पूल बंद करायची रीत दिलेली असते. पाणी खाली घ्या, पाइपांत हवा मारून ते कोरडे करा, वरून जाड आच्छादन ताणा आणि उन्हाळ्यापर्यंत तिकडे पाहू नका. तिथे पाणी गोठतं, गोठताना फुगतं आणि पाइप फोडतं, म्हणून हा खटाटोप. पुणे, नाशिक, सातारा, लोणावळा या पट्ट्यात तसं काही होत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे हवा ८-१० अंशांवर येते, दुपारी २८-३० वर जाते आणि पूलचं पाणी १७ ते २० अंशांच्या आसपास राहतं. एवढ्या गार पाण्यात माणूस सहसा उतरत नाही, पण शेवाळ वाढतं, फक्त सावकाश. त्यामुळे आपल्याकडे थंडीची तयारी म्हणजे पूल बंद करणं नव्हे. तो कमी वेळ, कमी औषधात चालू ठेवायचा आणि मार्चमधलं ऊन तापेपर्यंत पाणी चांगल्या स्थितीत न्यायचं.

इथले आकडे पुण्याजवळच्या एका बंगल्यातल्या पूलचे आहेत. लांबी ८ मीटर, रुंदी ४, खोली एका टोकाला ०.९ आणि दुसऱ्या टोकाला १.८, म्हणजे सुमारे ४३,००० लिटर पाणी. आरसीसी बांधकाम, आतून टाइल, दोन स्किमर (पृष्ठभागावरचं पाणी आणि पानं ओढून घेणारी भिंतीतली तोंडं), वाळूचा २४ इंची सँड फिल्टर आणि १ एचपीचा पंप. तुमचा पूल लहान-मोठा असेल तर मात्रा लिटरच्या हिशेबानं बदलून घ्या.

कामाला हात घालायचा तो कोजागिरीच्या सुमारास. त्याआधी अर्थ नसतो, कारण पाऊस परत यायची शक्यता असते आणि पावसानं आधीच सगळं पातळ केलेलं असतं. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. ३२ चौरस मीटरच्या पूलवर तेवढ्यात सुमारे २२,००० लिटर पाणी पडतं, म्हणजे अर्धा पूल. तेवढंच पाणी ओव्हरफ्लोनं वाहून जातं आणि सोबत अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवणारे क्षार), हार्डनेस (पाण्यातलं कॅल्शियम), सायनुरिक अ‍ॅसिड (क्लोरीनला उन्हापासून वाचवणारं रसायन) हे सगळं नेतं. मे महिन्यातले आकडे ऑक्टोबरमध्ये धरून चाललात तर पहिल्याच पायरीला हिशेब चुकतो.

म्हणून आधी तपासणी. पिवळ्या आणि लाल थेंबांचा जो छोटा किट सगळीकडे मिळतो, तो रोजच्यासाठी ठीक आहे, पण थंडीच्या तयारीला पुरत नाही. पिवळा रंग एकूण क्लोरीन दाखवतो. त्यातलं कामाचं किती आणि घाम-लघवीतल्या घटकांशी जोडून निकामी झालेलं किती, हे त्यातून कळत नाही. हे दोन्ही वेगळे दाखवणारा डीपीडीचा किट घ्यावा आणि अल्कलिनिटी, हार्डनेस, सायनुरिक या तीन तपासण्यांची सोय असलेला घ्यावा. नमुना पृष्ठभागावरून घ्यायचा नाही. बाटली उलटी धरून कोपरापर्यंत हात पाण्यात घालायचा, तिथे ती सुलटी करून भरायची, आणि तेही जेटच्या (फिल्टरमधलं पाणी पूलमध्ये परत सोडणाऱ्या नळीच्या) तोंडापासून लांब. सायनुरिकच्या नळीच्या तळाशी काळा ठिपका असतो. नमुना आणि औषध मिसळलं की पाणी दुधाळ होतं. मग ते नळीत थोडं थोडं ओतत वरून बघायचं. ठिपका दिसेनासा झाला की थांबून आकडा वाचायचा. हे सूर्याकडे पाठ करून, अंगाच्या सावलीत करावं. लख्ख उन्हात डोळा फसतो आणि आकडा चुकतो.

मग सफाई. गाळ व्हॅक्यूम करताना मल्टिपोर्ट (पाण्याची दिशा बदलणारी फिल्टरवरची झडप) ‘वेस्ट’वर, म्हणजे पाणी थेट बाहेर जाईल असा ठेवावा. पावसाळ्यातली लाल माती इतकी बारीक असते की फिल्टरवर ठेवली तर वाळूतून निसटून जेटमधून परत पूलमध्ये येते. पाण्याच्या रेषेवरचा तेलकट पट्टा खायचा सोडा ओल्या स्पंजवर घेऊन निघतो. भांड्यांचा साबण वापरू नका, पुढे आठवडाभर फेस येत राहतो. पांढऱ्या क्षारांचा पट्टा असेल तर एक भाग अ‍ॅसिड दहा भाग पाण्यात घालून ब्रशनं लावावं आणि लगेच धुवावं, कारण अ‍ॅसिड क्षारांबरोबर ग्राउटही खातं. टाइलला नायलॉनचा ब्रश. स्टीलचा ब्रश फक्त सिमेंट प्लास्टरच्या पूलसाठी. फायबरवर त्याचे ओरखडे कायमचे राहतात. सगळ्यात जास्त शेवाळ असतं ते शिडीच्या मागे, दिव्याच्या खोबणीत आणि पायरीच्या आतल्या कोपऱ्यात. पाणी तिथे फिरत नाही.

रसायनांचा क्रम ठरलेला आहे: आधी अल्कलिनिटी, मग पीएच, मग हार्डनेस, शेवटी क्लोरीनचा मोठा डोस. अल्कलिनिटी ८० ते १२० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) हवी. पावसानंतर ती बहुतेक वेळा खाली सापडते. या पूलमध्ये ती १० पीपीएमनं वर न्यायला साधारण ७२५ ग्रॅम खायचा सोडा लागतो, म्हणजे ६० वरून ९० वर जायला सव्वादोन किलोच्या आसपास. किराणा दुकानात पुडीत मिळतो तोच हा सोडा, पोत्यानं घेतला तर बराच स्वस्त पडतो. पंप चालू ठेवून खोल बाजूला पसरायचा आणि दुसऱ्या दिवशी परत मोजायचं. पीएच ७.८ च्या वर असेल तर ३० टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड अर्धा लिटर, दहा लिटर पाण्यात मिसळून, जेटसमोर सावकाश. बादलीत आधी पाणी, मग अ‍ॅसिड. उलट कधीही नाही. एका वेळी अर्ध्या लिटरच्या वर जाऊ नका, सहा तासांनी मोजा. या अर्ध्या लिटरनं अल्कलिनिटीही ६ पीपीएमच्या आसपास उतरते, ते हिशेबात धरावं.

हार्डनेसकडे आपल्याकडे फारसं कुणी बघत नाही आणि थंडीत नुकसान इथेच होतं. पाणी गार झालं की त्याची कॅल्शियम विरघळवायची ओढ वाढते. २९ अंशांवर जे पाणी समतोल होतं, तेच १६ अंशांवर, बाकी काहीही न बदलता, ग्राउट खायला लागतं. पाणी कॅल्शियम खातं की सोडतं हे दाखवणाऱ्या संतुलनाच्या निर्देशांकात हा फरक ०.३ चा पडतो. टँकरचं किंवा कालव्याचं मऊ पाणी भरलेलं असेल आणि वर पावसानं पातळ केलं असेल, तर जानेवारीत टाइलच्या सांध्यात नख घालून बघा: ग्राउट वाळूसारखं भुरभुरतं. हे होऊ नये म्हणून थंडीत हार्डनेस २५० च्या आसपास आणि पीएच ७.४ ते ७.६ च्या मध्ये ठेवावा. कॅल्शियम क्लोराइडचे फ्लेक्स या पूलला १० पीपीएममागे सुमारे ६५० ग्रॅम लागतात. ते विरघळताना बादली चांगलीच तापते, हात घालू नये. आणि सोड्यानंतर किमान एक दिवस जाऊ द्यावा, दोन्ही एकाच दिवशी टाकलं की पूल दुधासारखा पांढरा होतो. दख्खनच्या बोअरचं पाणी बहुधा आधीच जड असतं. तिथे कॅल्शियम घालायची गरज पडत नाही, उलट पीएच चढू न देणं हे काम असतं.

क्लोरीनचा मोठा डोस संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. पाणी १० पीपीएमनं उचलायला १० टक्क्यांचं लिक्विड हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) ४.३ लिटर, किंवा ६५ टक्क्यांचं कॅल्शियम हायपोक्लोराइट ६६० ग्रॅम. बोअरच्या जड पाण्यात लिक्विडच वापरावं, पावडरीबरोबर आणखी कॅल्शियम जातं. हायपो ताजं घ्या. महिनाभर उन्हात पडलेला कॅन लेबलावरची ताकद देत नाही आणि मग ‘एवढं टाकूनही आकडा चढत नाही’ अशी तक्रार येते. कडेकडेनं फिरत ओतायचं आणि रात्रभर पंप चालू. काम झालं की नाही हे बघायची खात्रीची रीत अशी: डोसनंतर तासाभरानं मोजायचं आणि पहाटे ऊन पडायच्या आत परत मोजायचं. रात्री ऊन नसतं, तेव्हा जो क्लोरीन कमी होतो तो शेवाळ आणि घाण यांनीच खाल्लेला असतो. फरक १ पीपीएमच्या आत असेल तर पाणी स्वच्छ. जास्त असेल तर त्या संध्याकाळी परत डोस द्यावा, पाणी डोळ्यांना कितीही निवळ दिसलं तरी.

अल्गीसाइड (शेवाळ मारणारं औषध) द्यायचंच असेल तर क्लोरीन ५ च्या खाली उतरल्यावर, पॉलिक्वाट जातीचं, लेबलवरच्या मात्रेनं. स्वस्तातलं क्वाट फेस करतं. मोरचूद मात्र टाकू नका. विहिरीत आणि शेततळ्यात वापरायची सवय असल्यामुळे माळीकाका तो प्रेमानं सुचवतात, पण तांबं टाइलवर निळसर-हिरवे डाग धरतं आणि ते काढायला थंडीभर पुरेल एवढं काम होतं.

आता फिल्टर. स्वच्छ असताना प्रेशर गेज किती दाखवतो ते टोपणावर मार्करनं लिहून ठेवावं. त्यापेक्षा अर्धा बार चढला की बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून वाळू धुवायची. बाजूच्या काचेतलं पाणी निवळ होईपर्यंत दोन-तीन मिनिटं, मग अर्धा मिनिट रिन्स. रिन्स टाळलं की उरलेला गाळ एकदम पूलमध्ये येतो. मल्टिपोर्टची मूठ पंप बंद करूनच फिरवायची. चालू पंपावर फिरवली की आतलं चांदणीसारखं गॅस्केट उचकटतं आणि मग ‘फिल्टर’वर असतानाही वेस्टच्या पाइपातून पाणी झिरपत राहतं. पूलची पातळी का उतरते याचा शोध लोक टाइलमध्ये घेत बसतात आणि पाणी इथून जात असतं. पावसाळ्यानंतर एकदा फिल्टरचं झाकण उघडून वाळूत हात घालावा. ती मोकळी लागली पाहिजे. मातीचे गोळे हाताला लागले तर वरचा थर काढून धुवावा. सगळी वाळू पाचेक वर्षांनी बदलावी.

पंप उन्हाळ्यात आठ तास चालतो, तो साडेचार-पाच तासांवर आणता येतो. तासाला १० घनमीटरच्या हिशेबानं तेवढ्यात सगळं पाणी एकदा फिल्टरमधून जातं. सकाळी १० ते १ आणि दुपारी ३ ते ५ असे दोन तुकडे केले तर बरं. दुपारच्या वाऱ्यानं पडलेली पानं बुडायच्या आत स्किमर ओढून घेतो. जेटची तोंडं थोडी वर वळवावीत, म्हणजे पृष्ठभाग स्किमरकडे सरकत राहतो. पाण्याची पातळी स्किमरच्या तोंडाच्या मध्यावर, खाली नाही. ती उतरली की पंप हवा ओढतो, कोरडा चालतो आणि मेकॅनिकल सील जळतं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकडे किंवा निफाडच्या बाजूला पारा फारच उतरतो अशा मोजक्या रात्री जमिनीवरून उघडे गेलेले बारीक पाइप जपावे लागतात. त्या रात्री पंप पहाटेच्या वेळी चालवला की पुरतं.

क्लोरीनच्या टॅब्लेटबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण थंडीतली सगळ्यात मोठी चूक तिथे होते आणि ती दिसते एप्रिलमध्ये. टीसीसीए ९० ची (९० टक्के क्लोरीन देणाऱ्या ट्रायक्लोरची) २०० ग्रॅमची टॅब्लेट सोयीची असते. फ्लोटरमध्ये टाकली की चार दिवस बघायला नको. पण तिच्यात क्लोरीनबरोबर सायनुरिकही असतं. एक टॅब्लेट या पूलमध्ये ४ पीपीएमच्या वर क्लोरीन देते आणि अडीच पीपीएम सायनुरिक मागे ठेवते. क्लोरीन उडून जातो. सायनुरिक उडत नाही, गाळला जात नाही, फक्त पाणी बदललं तरच कमी होतं. दिवसाला १ पीपीएम क्लोरीन धरला तर महिन्याला १८ पीपीएम सायनुरिक साठतं. ऑक्टोबरमध्ये ३० वर असलेला आकडा निव्वळ टॅब्लेटवर फेब्रुवारीअखेर शंभरावर जातो. ३० ते ५० हे हवं असतं, कारण तेवढं सायनुरिक क्लोरीनला उन्हापासून वाचवतं. शंभरावर ते क्लोरीनला इतकं बांधून ठेवतं की किट ३ पीपीएम दाखवत असतानाही शेवाळ वाढतं. ते रोखायला ७-८ पीपीएम ठेवावा लागतो. मग उपाय एकच, साठ टक्के पाणी टप्प्याटप्प्यानं बदलणं. म्हणजे किमान २६,००० लिटर, आणि तेही अशा महिन्यात जेव्हा बोअर आटायला लागतात आणि गावात टँकर सुरू होतात. हे पाणी वाया जाऊ नये म्हणून चार महिने आधी बेत करायचा असतो. आठवड्यातून दोनदा कुणी पूलवर येत असेल तर लिक्विड हायपोच द्यावा. टॅब्लेट फक्त बंगला रिकामा असेल त्या आठवड्यांसाठी. टॅब्लेट आम्लधर्मी आहे आणि हायपो पीएच थोडा वर नेतो, त्यामुळे आलटून पालटून दिलं की अ‍ॅसिडही कमी लागतं.

टॅब्लेट स्किमरच्या बास्केटमध्ये ठेवू नये. उन्हाळ्यात पंप बराच वेळ चालतो तेव्हा ते खपतं. थंडीत पंप एकोणीस तास बंद असतो आणि तेवढा वेळ स्किमरच्या डबक्यात तीव्र आम्ल साचून राहतं. पंप सुरू झाला की ते थेट सीलवर आणि हीटरच्या तांब्यावर जातं. आणखी एक, हे जिवाशी आहे: टीसीसीए आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट एका डब्यात, एका फीडरमध्ये, एकाच मापानंसुद्धा एकत्र येऊ देऊ नका. दोन्ही क्लोरीनच आहेत म्हणून लोक मिसळतात आणि स्फोट होतो. अ‍ॅसिडचा कॅन या दोघांपासून लांब, वेगळ्या जागी.

मीठ घालून क्लोरीन बनवणारा सेल असेल तर गार पाण्यात तो कमी क्लोरीन देतो आणि १५ अंशांच्या आसपास बरेच सेल बंदच पडतात. गार पाण्याची विद्युतवाहकताही उतरते, त्यामुळे पॅनेलवर मीठ कमी असल्याची खूण येते. मीठ वेगळं मोजल्याशिवाय पोतं ओतू नका, उन्हाळ्यात ते जास्त झालेलं निघतं.

पानगळ आपल्याकडे ऑक्टोबरात नसते, ती पौष-माघात येते. जंगली बदामाची पानं जानेवारीत लाल होऊन गळायला लागतात. वीतभर लांबीचं एक पान स्किमरच्या झडपेवर आडवं बसलं की पाणी अडतं आणि पंप गुरगुरायला लागतो. तळाशी बुडालेली पानं दोन-तीन दिवसांत चहासारखा रंग सोडतात आणि टाइलवर पानाच्या आकाराचा तपकिरी डाग उमटतो. डाग कशाचा हे ओळखायला त्यावर सी जीवनसत्त्वाची गोळी अर्धा मिनिट दाबून धरा. फिकट झाला तर लोहाचा. नाही झाला, पण क्लोरीनची पावडर लावल्यावर गेला, तर पानाचा. गुलमोहराची पिटुकली पानं बास्केटच्या भोकांतून निसटतात, त्यासाठी बास्केटवर जुना पातळ नायलॉनचा पायमोजा चढवावा आणि तो दर दोन दिवसांनी झटकावा. उसाच्या पट्ट्यात पाचट जाळलं की काळी काजळी तरंगत येते. ती हातानं चोळली तर टाइलला फासली जाते. पाण्याच्या फवाऱ्यानं स्किमरकडे ढकलावी.

या सगळ्यावर ७५ टक्क्यांची हिरवी शेडनेट चांगली. चारही बाजूंनी अर्धा मीटर जास्त धरून कापावी, मधल्या शिवणीला नायलॉनचा दोरा, आणि आडव्या दिशेला दर दीड मीटरवर एक दोरी ताणून तिच्यावर नेट टाकावी. दोऱ्या नसतील तर मध्ये पोट सुटतं, नेट पाण्याला टेकते आणि वरची पानं भिजून रंग खाली सोडतात. ताडपत्री नको. तिच्यावर अवकाळी पावसाचं डबकं साचतं आणि आठ-दहा दिवसांत त्यात डास तयार होतात. क्लोरीनच्या मोठ्या डोसानंतर दोन दिवस नेटसुद्धा उघडी ठेवावी. आणि हे नीट लक्षात असू द्या की नेट वजन पेलत नाही. लहान मूल किंवा कुत्रं तिच्यावर गेलं तर नेटसकट पाण्यात जातं, आणि नेटमध्ये गुंडाळलं गेल्यामुळे बाहेर काढणं जास्त कठीण होतं. कुंपणाच्या फाटकाला थंडीभर कुलूप हवंच.

‘पोहायचं नाही तर रिकामाच करू’ हा विचार दरवर्षी कुणाच्या तरी डोक्यात येतो. पावसाळ्यानंतर जमिनीतली पाण्याची पातळी वर असते. आतलं पाणी काढलं की बाहेरचं पाणी तळ वर ढकलतं; फायबरचा पूल उचलला जातो, आरसीसीला तडे जातात. रिकाम्या टाइलवर रात्री १० अंश आणि दुपारी कडक ऊन अशी रोजची ओढाताण होऊन सांधे उघडतात. शिवाय तळाशी राहिलेल्या फूटभर पाण्यात डासांची पैदास होते. पाणी बदलायचंच झालं तर एका वेळी एक तृतीयांशाच्या वर काढू नये.

गळती शोधायला मात्र हे दिवस उत्तम. काळी माती डिसेंबरनंतर आकसते आणि पाइपांचे सांधे ओढले जातात. दुसऱ्या पायरीवर पाण्यानं भरलेली बादली ठेवा, आतली आणि बाहेरची पातळी सारखी करून दोन्हीकडे खूण करा, पंप बंद ठेवा आणि २४ तासांनी बघा. कोरड्या हवेत दिवसाला ३-४ मिलिमीटर पाणी दोन्हीकडे सारखंच उडेल. पूल बादलीपेक्षा जास्त उतरला तर गळती आहे. मग स्तब्ध पाण्यात स्किमरच्या गळ्यापाशी आणि दिव्याच्या खोबणीपाशी ड्रॉपरनं पेनाची शाई सोडायची. शाईचा निळा ढग जागच्या जागी तरंगत राहिला तर तिथे काही नाही. तो बारीक धाग्यासारखा होऊन फटीत ओढला गेला की जागा सापडली.

शिवरात्रीच्या सुमारास पाणी २४ अंशांपुढे जायला लागतं. तेव्हा आधी सायनुरिक मोजायचं आणि मगच पुढचा क्लोरीन कोणता ते ठरवायचं. पंप दर आठवड्याला तासाभरानं वाढवत न्यायचा. नेट काढायच्या आधी तिच्यावरची पानं ओली असताना नव्हे, दुपारी वाळल्यावर झाडायची. मग दोघांनी खोल बाजूनं उचलून उथळ बाजूकडे गुंडाळत यायचं, म्हणजे मधली धूळ पाण्यात सांडत नाही. नेट साध्या पाण्यानं धुऊन, सावलीत वाळवून, पंपरूमच्या भिंतीवर तारेला टांगून ठेवायची. जमिनीवर घडी करून ठेवलेली नेट पावसाळ्यात उंदीर कुरतडतात.